रतनवाडी ते कुमशेत, कात्राबाई खिंडीतून: १४ जणांचा एक मुक्कामाचा जंगल ट्रेक

पायरव

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी १४ जणांचा गट रतनवाडीहून कात्राबाई खिंड चढून कुमशेतला मुक्कामाला जायचा बेत आहे. दुसऱ्या दिवशी पाय साथ देतील तर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई, नाहीतर कुमशेतहूनच गाडीने राजूर. सगळ्यांनी राजगड, तोरणा केलेले आहेत. पण दिवसभर दाट झाडी आणि रात्री गावात कुणाच्या तरी पडवीत झोपणं, हे चौघांनाच माहीत आहे.

प्रश्न असे: सकाळी किती वाजता पाय उचलावा? वाटाड्या घ्यावाच का? शिधा न्यावा की जेवण गावात सांगावं? पाणी कुठे मिळेल? आणि चढायचं एका बाजूला, उतरायचं दुसऱ्या बाजूला, तर गाडीचं काय करायचं? रतनगडावर आणि हरिश्चंद्रगडावर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण मधला हा टप्पा सगळे दोन ओळींत उरकतात.

घाटवाट

आधी वेळ, कारण या वाटेवर बाकी सगळं वेळेवर अवलंबून आहे.

साडेसातला रतनवाडीतल्या अमृतेश्वर मंदिरापासून निघा. १४ जणांच्या गटाला रतनगडाचा फाटा गाठायला दीड ते दोन तास लागतात. तिथून खिंडीपर्यंत अडीच ते तीन तास धरा, म्हणजे साडेबाराच्या सुमारास खिंडीत. खिंडीतून कुमशेत दीड-दोन तास. जेवणखाण, फोटो, कुणाच्या बुटाचा तळ निघणं, हे सगळं धरून साडेतीन-चारला गावात पोचता येतं.

आता मागे फिरायची वेळ. दुपारी २ वाजेपर्यंत शेवटचा माणूस खिंडीत नसेल तर तिथूनच परत रतनवाडी, हे निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर ठरवून टाका. रतनवाडी डोंगराच्या पूर्वेला आहे आणि रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका यांची भिंत पश्चिमेला. त्यामुळे घड्याळात संध्याकाळ व्हायच्या बऱ्याच आधी त्या झाडीतलं ऊन जातं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण झाडीत साडेपाचलाच पायाखालचा दगड नीट दिसत नाही. खिंडीपलीकडचा उतार अंधारात उतरायच्या लायकीचा नाही. मुरमाड घसारा आहे, त्यावर वाळलेलं गवत पडलेलं असतं आणि गुडघे तोवर थकलेले असतात.

गटाचा वेग म्हणजे सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग. त्याला पहिल्या तिघांत ठेवा. मागे ठेवलंत तर पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचला की लगेच उठून चालू लागतात. दमलेल्याच माणसाला दिवसभर बसायला मिळत नाही, असं होऊन बसतं.

कारवीचं_रान

वाटेबद्दल. मंदिरापासून वाट प्रवरेच्या प्रवाहाच्या काठाकाठाने जाते आणि प्रवाह काही वेळा ओलांडते. डिसेंबरात पाणी घोट्याच्या वर नसतं, दगडांवरून पार होता येतं. पण सकाळी त्या दगडांवर दव असतं आणि बुळबुळीत शेवाळ असतं. बूट ओला झाला तरी चालेल, पाय पाण्यातच टाका. घोटा मुरगळण्याचे प्रकार चढावर कमी आणि या सपाट ओलांडणीवर जास्त होतात.

पुढे चढ लागतो, मग फाटा. गडाची वाट उजवीकडे शिड्यांच्या दिशेने वर जाते. ती ठळक आहे, कारण गडावर जाणारे शेकडो पाय तिच्यावर पडतात. आपण तिकडे न वळता खिंडीच्या वाटेला लागायचं. ही वाट बारीक होत जाते आणि खरी कसोटी इथूनच सुरू होते.

चुकायचं मुख्य कारण म्हणजे ढोरवाटा. गुरं चारणीला सोडलेली असतात आणि कारवीच्या रानात त्यांनी बोगदे पाडल्यासारख्या वाटा केलेल्या असतात. लांबून त्या माणसाच्या वाटेपेक्षाही रुंद दिसतात. ओळखायचं कसं? ढोरवाट उतार धरत नाही, डोंगराच्या पोटाला आडवी जाते आणि शंभरेक पावलांवर फुटून तीन-चार होते. माणसाची वाट एकच राहते, चढाचा रोख सोडत नाही आणि तिच्यातले दगड वरून गुळगुळीत झालेले असतात. अजून एक खूण आहे. छातीच्या उंचीवर कारवीच्या काड्या, फांद्या कोयत्याने तिरप्या तोडलेल्या दिसल्या तर ती माणसाच्या येण्याजाण्याची वाट, कारण गुरं डोकं खाली घालून खालूनच जातात आणि वरच्या फांद्या तशाच राहतात. ज्या वाटेवर सतत वाकून चालावं लागतंय ती आपली नाही, असं समजा. लाकडं तोडायला पाडलेली वाट मात्र फसवते. तिच्यावर तोडलेल्या फांद्या दिसतात, पण ती एखाद्या बुंध्याशी जाऊन संपते.

दहा मिनिटं चालून एकही खूण दिसली नाही (दगडांची चळत, बाण, जुना कागद, बुटाचा ठसा) तर पुढे रेटू नका. सगळ्यांना बसवा आणि दोघांनीच शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावं. अख्खा गट पसरून वाट शोधायला लागला की वाट सापडते आणि माणूस हरवतो.

सातूची_पिशवी

नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला आणि कुणाचा तरी रेकॉर्ड केलेला ट्रॅक असला तर वाटाड्याची गरज पडू नये. चढाईच्या वाटेवर दिशा एकच आहे.

कारवीचं_रान

@सातूची_पिशवी, ट्रॅक जरूर ठेवा, पण त्याच्या भरवशावर १४ जण नेऊ नका. दाट पानांखाली आणि कड्याच्या पोटाशी उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून येतो, त्यामुळे फोनमधला ठिपका २०-३० मीटर इकडेतिकडे उडतो. ढोरवाट आणि खरी वाट यांच्यातलं अंतर अनेकदा त्याहून कमी असतं. शिवाय ट्रॅक कुठल्या महिन्यातला आहे हे बघा. उन्हाळ्यात गवत जळून गेल्यावर केलेला ट्रॅक डिसेंबरात कमरेएवढ्या गवतातून नेईल.

रतनवाडीतून वाटाड्या घ्या. तो फक्त वाट दाखवत नाही. कुठल्या कड्याला आग्या मोहोळ लागलंय, कुठल्या ओढ्याला अजून पाणी आहे, कुमशेतात या आठवड्यात लग्न आहे की दुखवटा, हे त्याला आदल्या दिवशीच कळलेलं असतं. एक अट आधीच बोलून घ्या: खिंडीपर्यंत सोडणार की थेट कुमशेतपर्यंत. खिंडीतून परत फिरणारा वाटाड्या स्वस्त पडतो, पण उताराच्या सुरुवातीला पुन्हा दोन-तीन वाटा फुटतात. कुमशेतपर्यंत घेतलात तर त्याचा मुक्काम, रात्रीचं जेवण आणि परतीची सोय ही तुमची जबाबदारी. मोबदला प्रवासाच्या शेवटी नाही, ठरल्याप्रमाणे मुक्कामी पोचल्या पोचल्या त्याच्या हातात द्या.

शेवटचा_भिडू

सर्वात मागे चालणाऱ्याचं काम कुणीच समजावून सांगत नाही, म्हणून लिहितो. मागचा माणूस गटातल्या सगळ्यात अनुभवी दोघांपैकी एक हवा. त्याच्या पिशवीत प्रथमोपचाराची पेटी, जास्तीचं दोन लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी आणि बुटाची नाडी. त्याच्या पुढे कुणीही लघवीला थांबलं तर त्याने थांबायचं, पुढे जायचं नाही.

मोजणी प्रत्येक ओलांडणीला आणि प्रत्येक फाट्याला करा. पुढच्याने १ म्हणायचं, मग एकेकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा, शेवटचा १४. नुसतं "सगळे आले का?" विचारलं की कुणीतरी "हो" म्हणतोच.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असू द्या. एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे आम्ही ठीक, या. तीन लागोपाठ म्हणजे मदत. झाडीत हाक शंभर मीटरवर विरते आणि कड्यावर आपटली तर उलट्या बाजूने ऐकू येते, शिट्टी जास्त लांब जाते. उगाच वाजवणाऱ्याकडून काढून घ्या.

शिदोरी

आता जेवण. माझं स्पष्ट मत असं की रात्रीचं जेवण गावात सांगा आणि बाकीचा शिधा बरोबर न्या. पण सांगणं म्हणजे किमान तीन-चार दिवस आधी फोनवर, आकड्यासकट, आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा. कुमशेतला किराणा आणायला राजूर गाठावं लागतं. संध्याकाळी पाचला अचानक १४ माणसं दारात उभी राहिली तर ते घर तुम्हाला उपाशी ठेवणार नाही, पण त्यांच्या कणगीतलं किती संपलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तिथे जे पिकतं ते मागा. नागलीची भाकरी, भात, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी. अकोले तालुक्याच्या या भागातला काळभात मिळाला तर त्याला मसाला लावायला सांगू नका. पनीर, पावभाजी मागणाऱ्यांना घरीच ठेवा.

जेवण सांगितलेलं असलं तरी एका वेळेची खिचडी वेगळी बांधून न्यायचीच. कुणी आजारी पडलं, खिंडीतून परत फिरावं लागलं, तर तीच कामी येते. १४ जणांसाठी तांदूळ १ किलो ४०० ग्रॅम, मुगाची डाळ ७०० ग्रॅम, तेल २०० मिली, मीठ-हळद-तिखट एकाच डबीत मिसळून. सकाळचे पोहे माणशी ८० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या आत. चहा दोन वेळचा: पत्ती १०० ग्रॅम, साखर अर्धा किलो, दूध पावडर २५० ग्रॅम. दुपारचं खिंडीतलं जेवण न शिजवता: दशम्या किंवा ठेपले माणशी ४, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. माणशी १५० ग्रॅम गूळ-शेंगदाणे खिशात वेगळे ठेवा, पिशवीच्या तळाशी टाकलेला खाऊ चढावर कुणी काढत नाही.

शिधा वाटून द्या, पण तांदूळ आणि डाळ एकाच माणसाकडे देऊ नका. तोच मागे राहिला तर सगळेच उपाशी.

पायरव

खूप उपयोगी. पाण्याचं कुणी सांगेल का? आणि चूल पेटवायची तर कुठे?

घाटवाट

निघताना माणशी ३ लिटर. प्रवाह डिसेंबरात सहसा वाहता असतो, फाट्याच्या आधी पुन्हा भरून घ्या. फाट्यापासून कुमशेतपर्यंत पाणी मिळेलच असं धरून चालू नका. वाहतं पाणी असलं तरी वर गुरं असतात, म्हणून क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळा. मातीने भरलेल्या पाण्यात गोळीचा जोर कमी पडतो.

चुलीचं म्हणाल तर जंगलात नाहीच. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. अभयारण्यात आग पेटवणं हा गुन्हा आहे, आणि डिसेंबरातल्या वाळल्या गवतात एक ठिणगी अख्खा उतार खाते. सिगारेटलाही हेच लागू. स्वयंपाक गावात, घरच्या चुलीवर, आणि लाकडाचे पैसे वेगळे द्या. ती मोळी कुणीतरी डोक्यावरून आणलेली असते.

प्रवेशाची पावती रतनवाडीच्या बाजूला घ्या. तंबू ठोकण्याबद्दलचे नियम बदलत असतात. भंडारदऱ्याजवळ शेंडीला वन विभागाकडे आधी विचारा, म्हणजे ऐनवेळी वाद होणार नाही.

नागली_भाकर

मुक्कामाबद्दल. कुमशेत हे मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचं गाव. तिथे हॉटेल समजून जाऊ नका. मुक्काम बहुधा घराच्या पडवीत, देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर असतो. शाळा किंवा देऊळ हवं असेल तर आधी विचारून ठेवा, शनिवारी संध्याकाळी भजन असेल तर देऊळ मोकळं नसतं.

पडवी म्हणजे काय ते नवीन मंडळींना सांगून ठेवा. खाली शेणाने सारवलेली जमीन, बाजूला कारवीच्या काड्यांचा कुड, त्याला बाहेरून माती लिंपलेली. मातीचे पोपडे निघालेत तिथून रात्री वारा थेट कमरेत लागतो. म्हणून झोपताना डोकं कुडाच्या बाजूला नको, घराच्या भिंतीकडे करा. डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जाऊ शकतो. सारवलेली जमीन अंगातली ऊब ओढून घेते, पातळ चादर खाली टाकून भागत नाही, कॅरीमॅट हवीच. वरून पातळ स्लीपिंग बॅग असली तरी चालेल. बूट पिशवीत घालून उशाशी घ्या. बाहेर ठेवलेले बूट कुत्री नेतात, आणि पहाटे न झटकता पाय घातला तर आत विंचू असू शकतो.

गाव नऊला झोपतं, कारण पहाटे उठून कामाला लागायचं असतं. गाण्याचा स्पीकर नकोच. दारू नकोच, यात चर्चेला जागा नाही. मुलांना चॉकलेटं वाटू नका, दर शनिवारी हात पसरायची सवय लागते. द्यायचंच असेल तर शाळेतल्या गुरुजींना विचारून वह्या द्या.

पैशाची गोष्ट संकोच न करता आधी बोला. जेवण माणशी किती, झोपायचं किती, लाकूड, चहा, सगळं धरून. "तुम्ही द्याल ते" असं उत्तर आलं तर त्यावर सोडू नका, तुम्हीच आकडा सांगा आणि तो योग्य आहे का ते मामांना किंवा मावशींना विचारा. पैसे जिने रांधलं तिच्या हातात द्या.

आर_के

स्त्रिया गटात असतील तर शौचाची व्यवस्था आधीच बोलून घ्या. ज्या घरी उतरलात तिथे संडास असेल तर पाणी स्वतः आणून वापरा, त्या घरी पाणी विहिरीवरून डोक्यावर येतं. जंगलात जायची वेळ आली तर ओढ्यापासून किमान ६० मीटर लांब, १५-२० सेंमी खड्डा करून, नंतर मातीने बुजवून. सॅनिटरी पॅड तिथे पुरू नका, कोल्ही-कुत्री उकरून काढतात. वर्तमानपत्रात गुंडाळून झिपच्या पिशवीत परत आणा. ही सूचना गटप्रमुखाने सगळ्यांसमोर द्यावी. एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं की विषय अवघडल्यासारखा होतो.

प्रथमोपचार

या वाटेवर काय होतं आणि काय करायचं, तेवढंच लिहितो.

पेटके: चढाच्या तिसऱ्या तासाला मांडीत येतात. घामातून मीठ जातं आणि लोक नुसतं पाणी पितात. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या लिटरमध्ये नको. पेटका येण्याची वाट न बघता फाट्यावर सगळ्यांनी एक-एक पेला घ्या.

फोड: टाचेला गरम वाटायला लागलं की त्याच क्षणी थांबा, मोजा काढा, चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी उपयोगाची नाही. नवे बूट या ट्रेकला घालू नका.

गुडघे: उतारावर दुखतात. एक काठी द्या, पावलं तिरकी आणि छोटी टाकायला सांगा. मुरमावर टाच रोवून, गवतावर पूर्ण तळवा टेकवून.

आग्या मोहोळ: अत्तर, उग्र वासाची क्रीम, धूर, आरडाओरडा, कड्यावर दगड मारणं, सगळं टाळा. हल्ला झालाच तर हातवारे करत उभं राहू नका. डोकं-तोंड कापडाने झाका आणि त्या जागेपासून जितकं लांब जाता येईल तितकं दाट झाडीतून जा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर घोंघावत थांबतात. काटे नखाने खरवडून लवकर काढा. धाप लागली, ओठ किंवा घसा सुजला तर तो माणूस तातडीने दवाखान्यात.

साप: दगडांच्या उघड्या जागी फुरसं, झाडीत फांदीवर हिरवा चापडा. चापड्यावर आपल्याकडची सापविषाची लस काम करत नाही, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठीच आहे. तरीही दंश झालेल्या प्रत्येकाला दवाखान्यातच न्यायचं, साप ओळखण्यात वेळ घालवायचा नाही. चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलणार नाही असा काठीला बांधा आणि माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन रेंज मिळेल तिथून, तोवर गावातली जीप बोलवा.

हे सगळं टाळायचा साधा उपाय: हात कुठे ठेवतोय ते बघून ठेवा. चढताना कारवी किंवा दगड न बघता धरला जातो, आणि दंश बहुतेक हातापायालाच होतो.

घाटवाट

गाडीचा प्रश्न राहिला. रतनवाडीत गाडी ठेवून कुमशेतला उतरलात तर गाडी डोंगराच्या त्या बाजूला राहते, म्हणून चालक हवाच. शनिवारी सकाळी तुम्हाला सोडून त्याने शेंडी, राजूरमार्गे वळसा घालून आंबीटकडून कुमशेतला यायचं. टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा मोठं वाहन गावात विचारल्याशिवाय नेऊ नका, रस्ता अरुंद आहे. रेंजचा भरवसा नाही, म्हणून चालकाला वेळ आणि जागा कागदावर लिहून द्या: रविवारी दुपारी अमुक वाजेपर्यंत कुमशेतला किंवा पाचनईला, आणि आलो नाही तर किती वाजता कुणाला फोन करायचा.

पाचनईला चालत जायचं असेल तर सकाळी सातला निघा. कुमशेतहून मुळा नदीच्या पात्रात उतरायचं, पलीकडे पुन्हा चढायचं, पेठेच्या वाडीवरून पाचनई. तीन ते चार तास. नकाशावर सरळ रेघ दिसते, प्रत्यक्षात उतार आणि चढ दोन्ही आहेत. त्याच दिवशी हरिश्चंद्रगड चढून उतरायचा हट्ट १४ जणांच्या गटाने करू नये.

पायरव

सगळ्यांचे आभार. बेत असा बदलला आहे: वाटाड्या कुमशेतपर्यंत, खिंडीत २ ची मर्यादा, रात्रीचं जेवण गावात, राखीव खिचडी दोघांत वाटून, चालक आंबीटमार्गे. एकच राहिलं. गटात एक जण ५८ वर्षांचे आहेत, दर रविवारी सिंहगड चढतात. त्यांना पहिल्या तिघांत ठेवू. अजून काही?

शेवटचा_भिडू

सिंहगड दर रविवारी म्हणजे चढ जमतो. त्यांना पाठीवर ७-८ किलो घेऊन दोन रविवार उतरायला सांगा, आणि उतरल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघे कसे आहेत ते विचारा. ओझं असताना उतार जमला तर या वाटेला हरकत नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर दोन दिवसांच्या ऐवजी चार दिवसांच्या गोळ्या, निम्म्या त्यांच्या खिशात आणि निम्म्या तुमच्याकडे.